नेम नसण्याचा उपयोग

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून कपाशीचा पहिला वेचा घरी येऊ लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या काही निवडक शेतांत एक पथक येतं. सरकारी कर्मचारी, सोबत विमा कंपनीचा माणूस, टेप, दोरी, खुंट्या आणि वजनकाटा. हा पीक कापणी प्रयोग. शेत कोणतं घ्यायचं हे पथकाच्या हातात नसतं. गट नंबर आधीच यादृच्छिक आकड्यांवरून, म्हणजे कोणाच्याही मर्जीशिवाय निघालेला असतो. शेतात पोचल्यावरही तेच. नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, शेताची लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, त्यातून प्लॉटची लांबी-रुंदी वजा करायची आणि आकड्यांच्या तक्त्यातून एक जोडी घ्यायची. पहिल्या आकड्याइतकी पावलं लांबीच्या बाजूनं, दुसऱ्याइतकी रुंदीच्या बाजूनं चालत आत जायचं. पाय थांबेल तिथे पहिली खुंटी. तिथे पऱ्हाटी छातीला लागत असो की जमीन चिबडून झाडं पिवळी पडलेली असोत, खुंटी हलवायची नाही. मग हंगामभर त्या चौकोनातला प्रत्येक वेचा वेगळा तोलायचा आणि शेवटी बेरीज करायची.

एवढा काटेकोरपणा लागतो, कारण माणसाची नजर मोकळी नसते. मदत मिळावी असं ज्याला वाटतं त्याची नजर विरळ पिकाकडे जाते, अहवाल चांगला दिसावा असं ज्याला वाटतं त्याची दाट पिकाकडे. ज्याचा काहीच हेतू नाही, तोही बांधापासून जवळच्या, चालायला सोप्या जागी थांबतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळ हे एकक असेल तर एका पिकाचे किमान 10 प्रयोग करावे लागतात, आणि त्या दहा प्लॉटांच्या वजनावर मंडळातल्या हजारो घरांची भरपाई ठरते. दहाच जागा बघायच्या असतील, तर त्या कोणीही न निवडलेल्या असणं हीच त्यांची विश्वासार्हता. इथे बेभरवशाचा आकडा मुद्दाम, पद्धतशीरपणे आत आणला जातो. तोच मोजणीला प्रामाणिक ठेवतो.

ही गोष्ट शेतीपुरती नाही. यंत्र बनवणारे लोक नॉइजला, म्हणजे कसलाही नेम नसलेल्या चढउताराला, शत्रू समजत आले. रेडिओची खरखर, तारेतला गोंधळ, मापनातली चूक, सगळं गाळून टाकायचं. गेल्या शंभर वर्षांत गणितज्ञ, संगणकवाले आणि जीवशास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी एका वेगळ्याच निष्कर्षावर आले: योग्य ठिकाणी आणि योग्य प्रमाणात हाच नॉइज अशी कामं करतो जी शिस्तीनं होत नाहीत. त्यातली बरीच उदाहरणं वऱ्हाडच्या काळ्या मातीत बघायला मिळतात.

शेतमोजणीतला हा विचार भारतात लवकर रुजला. बिहार-ओरिसात भातपिकाचा अंदाज काढण्यासाठी जॉन हबॅक या आयसीएस अधिकाऱ्यानं 1923 ते 1925 या काळात यदृच्छेनं निवडलेल्या जागा कापून पाहिल्या. त्याआधी सगळा कारभार नजर आणेवारीवर चाले. अधिकारी बांधावर उभा राहून पीक किती आणे आलं ते सांगत असे. (पैसेवारीच्या रूपात ती परंपरा अजून आहे आणि ‘50 पैशांच्या आत’ की वर, यावर दरवर्षी वाद होतात.) 1927 साली एल. एच. सी. टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांतले अंक उचलून 41,600 यादृच्छिक अंकांचा तक्ता छापला. असा तक्ता हाताशी आल्यावर गावोगावच्या कर्मचाऱ्याला निवड स्वतःच्या मनानं करायचं कारण उरलं नाही. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या पिकावर मोठी नमुना पाहणी उभी केली.

कापूस आणि मराठी माणसांचा संबंध इथे येतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात 1911 साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून संख्याशास्त्र शिकून आले आणि 1940 साली कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत विनायक गोविंद पानसे कापसावरच काम करत होते. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940च्या दशकात यादृच्छिक निवडीची पीक कापणी गावपातळीच्या सरकारी यंत्रणेकडून करून घेता येईल अशी सोपी, टिकाऊ केली. महालनोबिसांशी सुखात्म्यांचा वाद झाला तो प्लॉटच्या आकारावरून. प्लॉट फार लहान घेतला तर कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, या प्रश्नावर माणूस नकळत ‘आत’ म्हणतो आणि उत्पन्न फुगतं, हे सुखात्म्यांनी 1946 साली आकड्यांनिशी दाखवलं. यादृच्छिक आकडा जागा निवडतो, पण कडेवरची दोरी शेवटी माणूसच ताणतो. ही फट बुजवण्यासाठी प्लॉट मोठा घ्यावा लागला. पानसे-सुखात्मे यांचं 1954 सालचं शेतीसाठीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. यवतमाळच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी नव्या वाणाची चाचणी घेतानाही कोणता वाण कोणत्या तुकड्यात लावायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. रोनाल्ड फिशर यांनी 1926 साली हा आग्रह धरला होता. जमिनीचा कस एका बाजूनं वाढत गेलेला असतो. आवडता वाण नेमका तिकडे पडू नये म्हणून.

यदृच्छेचा आणखी एक उपयोग माणसाला खरं बोलता यावं यासाठी होतो, आणि तो यवतमाळसारख्या जिल्ह्यात फार कामाचा आहे. समजा, हजार शेतकऱ्यांना विचारायचं आहे की खासगी सावकाराचं कर्ज तुमच्यावर आहे का. समोरासमोर कोण ‘हो’ म्हणेल? स्टॅनली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञानं 1965 साली यावर एक तोड काढली. पुढे तिचे सोपे प्रकार निघाले. एक प्रकार असा: प्रत्येकानं आडोशाला नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे झाकून ‘हो’ सांगायचं, काटा पडला तर खरं ते सांगायचं. आता कोणी ‘हो’ म्हटलं तरी ते नाण्यामुळे की कर्जामुळे, हे गावात कोणालाच कळत नाही. पण बेरीज बोलते. हजारात 600 ‘हो’ आले, तर सुमारे 500 नाण्याचे. उरलेल्या पाचशेतले 100 खरे, म्हणजे कर्जाचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास. एका माणसाची लाज झाकली गेली आणि समाजाचं दुखणं उघड झालं. 2006 साली सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कल्पना कडक गणितात बसवली. अमेरिकेच्या 2020च्या जनगणनेचे आकडे त्या तत्त्वानुसार मुद्दाम थोडा नॉइज मिसळून प्रसिद्ध झाले.

संगणकात तर यदृच्छा पहिल्या पिढीपासून घरातली आहे. 1946 साली आजारातून उठत असलेले स्तानिस्लाव उलाम एकटेच पत्ते लावत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता गणितानं काढता येईना, तेव्हा त्यांना सुचलं की शंभर डाव खेळून किती सुटतात ते मोजावं. अणुबाँबच्या संशोधनात जॉन फॉन नॉयमन आणि निकोलस मेट्रोपोलिस यांनी ही युक्ती उचलली आणि ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत जन्माला आली. ॲलन ट्युरिंग यांच्या आग्रहामुळे मँचेस्टरला 1951 साली बसलेल्या फेरांटी मार्क वन या संगणकात विजेच्या खरखरीपासून यादृच्छिक अंक काढणारी आज्ञाच बसवली होती. ज्या माणसानं संगणकाच्या तर्कशिस्तीची मुळं घातली, त्यालाच त्या शिस्तीत थोडी बेशिस्त हवी होती.

कशासाठी? यवतमाळ जिल्ह्याचं उदाहरण घेऊन पाहू. जिल्ह्यात 16 तालुके. एखादी गाडी सोळाही तालुक्यांच्या ठिकाणी एकदाच जाऊन परत निघाल्या जागी आणायची आहे आणि डिझेल कमीत कमी जाळायचं आहे. किती मार्ग शक्य आहेत? सुमारे 65 हजार 384 कोटी. आजचा संगणक एवढे तपासूही शकेल, पण ठिकाणं 16 ऐवजी 60 केली की विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. साधी युक्ती अशी की कसाही एक मार्ग घ्यायचा, त्यात दोन गावांची अदलाबदल करायची, अंतर घटलं तर बदल ठेवायचा, नाही तर सोडायचा. ही युक्ती लवकरच अडकते. घाटंजी-पांढरकवडा-वणी हा भाग सुबक जुळतो, पण तो मोडल्याशिवाय पुसद-उमरखेडकडचा मोठा हेलपाटा सुटत नाही. आणि मोडायला जावं तर अंतर आधी वाढतं, म्हणून पद्धत नकार देते. 1983 साली आयबीएममधल्या स्कॉट कर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी त्यावर उपाय दिला: अधूनमधून वाईट बदलही स्वीकारायचा, कधी ते यदृच्छेनं ठरवायचं, आणि अशा स्वीकाराचं प्रमाण हळूहळू कमी करत न्यायचं. सुरुवातीला पुष्कळ नॉइज, शेवटी जवळजवळ नाही. तापवलेला धातू सावकाश निववण्याच्या क्रियेवरून तिला नाव मिळालं. चिपवरच्या जोडण्यांपासून वेळापत्रकांपर्यंत ती वापरली गेली.

याच घराण्यातली एक कथा मराठी वाचकाला जवळची वाटेल. कारखाने, वाहतूक, खरेदी यांची गणितं सोडवणारी ‘सिम्प्लेक्स’ पद्धत 1947पासून वापरात होती. 1972 साली दोघा गणितज्ञांनी अशी कृत्रिम गणितं रचून दाखवली, जिथे ती पद्धत पार ठप्प होते. ग्वाल्हेरला जन्मलेल्या आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी 1984 साली बेल प्रयोगशाळेत असताना वेगळी, ठप्प न होणारी पद्धत दिली आणि ती जगभर गाजली. तरी एक कोडं राहिलंच. ती ‘ठप्प होणारी’ जुनी पद्धत प्रत्यक्षात इतकी वेगवान कशी? उत्तर 2001 साली डॅनियल स्पीलमन आणि शांग-हुआ तेंग यांनी दिलं. त्या दुष्ट गणितांतल्या आकड्यांत किंचित यादृच्छिक नॉइज मिसळला की त्यांचा दुष्टपणा जातो. खऱ्या व्यवहारातले आकडे मुळातच असे थोडे हललेले असतात; कापसाचं वजन, डिझेलचा दर, रस्त्याचं अंतर, काहीच अगदी नेमकं नसतं. जगाचा हा ढिसाळपणाच पद्धतीला वाचवत होता.

मोबाइलवर एकाच टॉवरला दोन फोन एकाच क्षणी हाक मारतात तेव्हाही हेच. दोघांचे संदेश आपटतात. दोघांनी नियमानं ठरावीक वेळ थांबून पुन्हा हाक मारली, तर पुन्हा आपटणार, अनंत काळपर्यंत. म्हणून प्रत्येकानं किती थांबायचं ते यदृच्छेनं ठरतं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवरच्या ‘अलोहा’ रेडिओजाळ्यात हा मार्ग निघाला, तिथून तो इथरनेटमध्ये आणि वायफायमध्ये आला. कृत्रिम बुद्धिमत्तेत तर नॉइजशिवाय पान हलत नाही. न्यूरल जाळ्यातले काही घटक शिकवताना यदृच्छेनं बंद ठेवले तर ते घोकंपट्टी करत नाही, हे जेफ्री हिंटन यांच्या गटानं 2012 साली दाखवलं. आज शब्दांवरून चित्रं काढणारे अनेक कार्यक्रम चित्रात नॉइज भरत जातात आणि तो उलट पावली काढायला शिकतात.

इथे एक आग्रहानं नोंदवायला हवं. यदृच्छा म्हणजे अडाण्याचा आधार नाही. एखादी मोठी संख्या मूळ संख्या आहे का, हे तपासायला बरीच वर्षं यादृच्छिक पद्धतीच वापरात होत्या. ऑगस्ट 2002 मध्ये कानपूर आयआयटीचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल, नितीन सक्सेना यांनी यदृच्छेशिवाय, खात्रीची आणि वेगाची पद्धत देऊन जगाला थक्क केलं. तरी व्यवहारात आजही यादृच्छिक पद्धतच जास्त वापरतात, कारण ती कितीतरी झटपट होते आणि चुकीची शक्यता हवी तितकी खाली आणता येते.

ट्युरिंग यांनी 1952 साली संगणक सोडून भलत्याच विषयावर एक निबंध लिहिला: प्राण्यांच्या अंगावर ठिपके आणि पट्टे कसे येतात? गर्भाच्या त्वचेत दोन रसायनं आहेत, एक रंगाला चेतवणारं आणि एक आवरणारं, आणि ती वेगवेगळ्या वेगानं पसरतात. सगळीकडे प्रमाण तंतोतंत सारखं असेल तर काहीच घडणार नाही, कातडी एकरंगी राहील. पण रेणूंच्या हालचालींत बारीक, यादृच्छिक उणंअधिक असतंच. तेवढ्या धक्क्यावर समतोल मोडतो आणि पट्टे उमटू लागतात. घरगुती मांजरांच्या गर्भावर झालेल्या 2021च्या संशोधनात अशा पूर्वखुणा करणारं एक जनुक सापडलं, आणि ते ट्युरिंगच्या कल्पनेशी जुळतं. यवतमाळ जिल्ह्यातल्याच टिपेश्वर अभयारण्यात पायवाटेच्या दोन्ही बाजूंना लावलेले कॅमेरे वाघ ओळखतात ते या पट्ट्यांवरून. जनुकांचा आराखडा ढोबळ सांगतो, तपशील वाढीच्या त्या बारीक धक्क्यांवर सोडलेला असतो. दोन वाघांचे पट्टे जुळत नाहीत म्हणून तर वाघांची मोजदाद होऊ शकते.

आता कानाकडे वळू. मंद, उंबरठ्याखालचा संकेत नॉइज मिसळल्यावर ऐकू यावा, हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. पण विचार करा: एखादं यंत्र ठरावीक पातळीच्या वर गेलेलाच आवाज नोंदवतं. आपला संकेत सतत त्या पातळीच्या थोडा खाली वरखाली होतोय. यंत्राच्या दृष्टीनं तो शून्य. त्यात बेताचा नॉइज घातला की संकेत जेव्हा वरच्या टोकाला असेल तेव्हा नॉइजचा धक्का त्याला उंबरठ्यापलीकडे ढकलतो, खालच्या टोकाला असताना ढकलू शकत नाही. नोंदी संकेताच्या लयीत पडू लागतात. नॉइज फार कमी, तर काही नाही. फार जास्त, तर नुसता कल्लोळ. मधे कुठे तरी उत्तम जागा. इटलीच्या रोबेर्तो बेंझी आणि सहकाऱ्यांनी 1981 साली हिमयुगांचं सुमारे एक लाख वर्षांचं चक्र समजावण्यासाठी ही कल्पना मांडली. हिमयुगांना ती पुरेशी लागू पडली नाही, पण तिनं दुसरीकडे घर केलं. 1993 साली क्रेफिश या झिंग्यासारख्या जीवाच्या शेपटीवरच्या संवेदी केसांवर प्रयोग झाला. पाण्यातली अगदी मंद थरथर बेताच्या नॉइजसह त्याच्या चेतापेशींना जास्त स्पष्ट कळली. 1999 साली पॅडलफिश माशावर तोच प्रयोग झाला. पाण्यात हलका विद्युत नॉइज सोडला तर तो आपलं बारीक भक्ष्य जास्त लांबून पकडू लागला. 2003 साली जेम्स कॉलिन्स यांच्या गटानं म्हाताऱ्या माणसांच्या पायांखाली न जाणवेल इतकी यादृच्छिक कंपनं देणारे इनसोल घातले. वयानं बोथटलेल्या तळपायांना जमीन जास्त नीट कळली आणि उभं राहताना शरीराचं डोलणं कमी झालं.

संगीत ऐकणाऱ्यांसाठी याचं रोजचं रूप तानपुऱ्याच्या विरत जाणाऱ्या सुरात आहे. डिजिटल ध्वनिमुद्रण आवाजाला पायऱ्यापायऱ्यांत मोजतं. सूर विरत जाऊन शेवटच्या एक-दोन पायऱ्यांवर आला की तो गुळगुळीत न राहता खडबडीत, तुटका होतो आणि मग एकदम नाहीसा. म्हणून मुद्रण करणारे तंत्रज्ञ शेवटी अगदी थोडा यादृच्छिक नॉइज मिसळतात. मागे बारीकशी सळसळ राहते, पण तिच्यातून सूर पायरीच्याही खालपर्यंत विरताना ऐकू येतो. पुढे इंटरनेटच्या पायाभरणीत नाव झालेल्या लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी 1962 साली चित्रांसाठी हीच युक्ती वापरली होती. थोड्या छटांत साठवलेल्या चित्रावरचे बटबटीत पट्टे नॉइजनं मोडले.

पेशीच्या आत तर नॉइज टाळणं अशक्यच. जनुकाच्या प्रती एक-दोन, त्यावर काम करणारे रेणू मोजके. कधी कोण आदळेल याचा नेम नाही. मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी 2002 साली ई. कोलाय जिवाणूत एकसारखी दोन जनुकं दोन वेगवेगळ्या रंगांनी चमकतील अशी बसवली. एकाच आईची, एकाच काचेवरची पिल्लं. तरी कोणी हिरवट, कोणी तांबूस. मांजराच्या बाबतीत हेच उघड्या डोळ्यांनी दिसतं. काळ्या-केशरी ठिपक्यांच्या मांजरीत प्रत्येक पेशी गर्भातच दोनपैकी एक एक्स गुणसूत्र यदृच्छेनं बंद करते, हे मेरी लायन यांनी 1961 साली सांगितलं. 2001 साली टेक्ससमध्ये अशा तिरंगी मांजरीचा क्लोन जन्माला आला. जनुकं तीच, पण तो मूळ मांजरीसारखा दिसेना.

जिवाणूंना या फरकाचा फायदा होतो. डब्लिनचे जोसेफ बिगर यांनी 1944 साली पाहिलं की पेनिसिलिननं जवळजवळ सगळे जंतू मरतात, पण दशलक्षात एखादा टिकून राहतो. त्याची पिल्लं पुन्हा पेनिसिलिननं मरतात, म्हणजे तो प्रतिकारक्षम झालेला नसतो. 2004 साली नताली बालाबान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहून दाखवलं की असे जंतू औषध येण्याच्या आधीपासूनच सुस्त पडलेले असतात, काहीही कारण नसताना. क्षयरोगाच्या गोळ्या सहा महिने घ्याव्या लागतात त्यामागच्या कारणांत हे झोपलेले जंतू आहेत. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या महिन्यात औषध थांबवणाऱ्या रुग्णाला ही गोष्ट कोणी नीट सांगितली पाहिजे.

शेतकऱ्याला हे तणातून माहीत आहे. मृगाचा पहिला पाऊस पडतो, कपाशीचं बी सहा-सात दिवसांत एकगठ्ठा उगवतं, आणि मग पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की सगळं एकदमच करपतं. दुबार पेरणी, पुन्हा बियाण्याचे पैसे. त्याच जमिनीतलं तण मात्र कधीच एकदम संपत नाही. एक निंदण झालं, डवरणी झाली, पुढच्या सरीला नवी फळी उभी. अनेक तणांचं एकाच झाडाचं बीदेखील सगळं एकाच वर्षी उगवत नाही. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्याहून उशिरा. जेरुसलेमच्या डॅन कोहेन यांनी 1966 साली याचं गणित मांडलं: पाऊस जितका बेभरवशाचा, तितका बियांचा कमी हिस्सा एका वर्षी उगवण्यात शहाणपण. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या एकवर्षायू वनस्पतींच्या तीस वर्षांच्या नोंदींनी ते खरं ठरवलं. पेरणीयोग्य बियाण्यात मात्र माणसानं पिढ्यान्‌पिढ्या हा उशीर निवडून काढून टाकला, कारण पीक एकसारखं हवं. एकसारखेपणाची किंमत कोरडवाहू शेतकरी दुबार पेरणीत मोजतो. कपाशीत तुरीचं तास, बांधाला ज्वारी, ही जुनी रीत त्या जोखमीचीच वाटणी होती.

आणि बोंडअळी. साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी 1943 साली जिवाणूंवरच्या प्रयोगात सिद्ध केलं की प्रतिकार देणारं उत्परिवर्तन संकटामुळे घडत नाही. ते आधीच, यदृच्छेनं घडून बसलेलं असतं आणि संकट फक्त त्याला निवडतं. लुरियांना ही कल्पना एका नाचाच्या मेळाव्यात सहकाऱ्याला नाण्यांच्या जुगारयंत्रावर खेळताना पाहून सुचली. हाच हिशेब गुलाबी बोंडअळीला लागू आहे. बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, भारतात मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन विषांचं बियाणं 2006 साली आलं. पहिल्या विषाला गुलाबी अळी दाद देत नाही, हे गुजरातेत 2010पर्यंत मान्य झालं. मध्य प्रदेश आणि गुजरातमधल्या अळ्या तपासल्या तेव्हा कॅडहेरिन या प्रथिनाच्या जनुकात एक नव्हे, अनेक वेगवेगळ्या तऱ्हांचे बिघाड सापडले. प्रत्येक बिघाड स्वतंत्रपणे, आपोआप झालेला. पुढे दुसरं विषही पुरं पडेना, आणि 2017 साली विदर्भभर बोंडं किडली. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात 20हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले.

अळीच्या बाजूला यदृच्छा होती, माणसाच्या बाजूला चार लाख हेक्टरांहून अधिक एकसारखं पीक. यावरचा उपाय ‘रेफ्युजी’ बियाण्यात होता. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी बी मिळे, ते कडेच्या ओळींत लावायचं. तिथे विष न पचवताच जगलेले पतंग तयार होतात, प्रतिकारक्षम पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकार विरळ राहतो. बहुतेकांनी ते पाकीट फेकून दिलं. एकेका गुंठ्याचं उत्पन्न मोजणाऱ्याला ते तोट्याचं वाटणं साहजिक होतं, आणि त्याला कारण समजावून सांगायची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती नीट पार पाडली नाही. आता 475 ग्रॅमच्या पाकिटात नॉन-बीटी बी मिसळूनच येतं. ते शेतात कुठे पडेल याचा नेम नाही, आणि तेच हवं आहे.

पण चुकीच्या जागी आलेली यदृच्छा घात करते, तीही याच बोंडात. भारतात बीटी कापूस संकरित वाणांत विकला जातो. संकरित झाडाला विषाचं जनुक एकाच बाजूच्या पालकाकडून मिळालेलं असतं, त्यामुळे बोंडातल्या सरकीत ते वाटलं जातं. साधारण चारातल्या एका सरकीत ते विष नसतंच. सरकी खाणारी अळी एकाच बोंडात विषारी, कमी विषारी आणि बिनविषारी घास घेत वाढते. प्रतिकाराचा एकच बिघाड असलेल्या अळीलाही तग धरायला यापेक्षा बरी शाळा मिळणार नाही. शुद्ध सरळ वाणात हा प्रश्न आला नसता, कारण तिथे प्रत्येक सरकीत विष असतं.

जनुकं अशी वाटली जाण्याआधी गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदलही होते. ती मोजायचं एक सूत्र गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1944 साली दिलं. इतिहासकार म्हणून ते आपल्याला जास्त माहीत आहेत, पण कापसाच्या जनुकांचे आजचे नकाशे बनवतानाही ‘कोसंबी फंक्शन’ वापरतात. वाण सुधारणाऱ्यांचं सगळं भांडवल याच अदलाबदलीत आहे: प्रत्येक बी नवा पत्ता, त्यातून हवा तो उचलायचा.

अमेरिकेनं कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं ऑक्टोबर 2018 मध्ये जाहीर केलं. तिथे आधी दहा वर्षं रेफ्युजी नीट राखली होती, मग कोट्यवधी वंध्य पतंग विमानांतून सोडले. आपल्याकडे तेवढी साधनं नाहीत. पण अळीचा एक डाव आपण हाणून पाडू शकतो. हंगाम संपताना तिच्यातल्या काही अळ्या सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात एकदम न निघता टप्प्याटप्प्यानं बाहेर पडतात. त्यांच्या या विखुरलेल्या वेळांना खाद्य आपणच पुरवतो, ते फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी पऱ्हाटी, ठेवून. म्हणून दोन गोष्टी करायच्या आहेत. कृषी विद्यापीठांनी आणि सरकारनं लवकर येणाऱ्या सरळ वाणांचं बियाणं गावात पोचवावं. आणि शेतकऱ्यांनी एक-दोन वेच्यांच्या लोभात न पडता डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करावं, एकट्यानं नव्हे, गावानं मिळून.